गेमची स्वस्त की: घ्यायची का नको?

प्रश्न: दादा, मी डिप्लोमाला आहे, घरून गेमसाठी पैसे मिळत नाहीत, पॉकेटमनी साठवूनच घेतो. मला हवा असलेला गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात 2,999 ला आहे आणि की, म्हणजे गेम चालू करायचा कोड, विकणाऱ्या एका साइटवर तोच 1,100 ला. सेलरचं रेटिंग 98 टक्के. मित्र म्हणतो बिनधास्त घे, त्याने चार घेतल्या, चारही चालतात. घेऊ का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: मित्रा, नको घेऊस. तुझा मित्र खोटं बोलत नाहीये, अशा की पुष्कळदा चालतात, म्हणून तर हा धंदा इतकी वर्षं टिकलाय. पण जीटूए, किंग्विन या साइट म्हणजे आठवडी बाजार, साइट फक्त जागा देते आणि माल कुणीतरी तिसराच विकतो, आणि त्याने तो कुठून आणला हे तुला कळायला काहीही मार्ग नाही. एखाद्याने सेलमध्ये घेऊन ठेवलेली की असेल, गेम स्वस्त मिळतो अशा देशातून उचललेली असेल, मी यूट्यूबर आहे असं सांगून डेव्हलपरकडून, म्हणजे गेम बनवणाऱ्यांकडून, फुकट मागून घेतलेली असेल नाहीतर चोरीच्या क्रेडिट कार्डवर घेतलेली असेल, दिसायला सगळ्या सारख्याच, 15 अक्षरांचा कोड.

चोरीच्या कार्डचं काय होतं बघ. कार्डवाला बँकेत तक्रार करतो, बँक की विकलेल्या मूळ दुकानाकडून पैसे परत घेते, वर दंडासारखी फी लावते. सेलर तोवर पैसे घेऊन पसार. मग कंपनी ती की रद्द करते आणि मार बसतो तो डेव्हलपरला किंवा तुला. 2015 च्या जानेवारीत युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या फार क्राय 4 या गेमच्या अशा की रद्द केल्या होत्या, लोकांचे गेम लायब्ररीतून, म्हणजे अकाउंटमधल्या गेमच्या यादीतून गेले, मग आरडाओरडा झाल्यावर ज्यांनी आधीच खेळायला सुरुवात केली होती त्यांना परत दिले. दरवेळी कुणी परत देईलच असं नाही.

फॅक्टोरिओ या गेमचं उदाहरण तर मला फार लागतं. छोटी टीम, आणि गेम कधीच सेलमध्ये देणार नाही हे त्यांनी उघड सांगितलेलं. त्यांच्याच वेबसाइटवरून चोरीच्या कार्डांवर की घेतल्या गेल्या, आणि त्यातल्या 198 आपल्याच साइटवर विकल्या गेल्याचं जीटूएने 2020 मध्ये स्वतः मान्य करून त्या टीमला 39,600 डॉलर भरले. ही विक्री 2016 ची, म्हणजे भरपाईला चार वर्षं. तेही फॅक्टोरिओवाले पाठपुरावा करत राहिले म्हणून. प्रत्येक छोट्या डेव्हलपरला हे कुठून जमणार?

रेटिंगवरही जाऊ नकोस. लोक की चालली की लगेच पाच स्टार देतात, ती महिन्याने रद्द झाली तर रेटिंग बदलायला कोण जातंय. माझंही झालंय एकदा, एका साइटवरून की घेतली, तीन आठवडे रोज रात्री खेळलो, मग एका शनिवारी लायब्ररी उघडली तर त्या जागी खालचा गेम वर सरकलेला. सेलरचं पान बघितलं, रेटिंग तेच, 99.

स्वस्तच हवं असेल तर हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही ऑनलाइन दुकानं बघ, यांना की थेट पब्लिशरकडून, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून मिळतात. जीजी डील्स या साइटवर भाव तपासताना अधिकृत दुकानं आणि की-शॉप वेगवेगळी दाखवतात, फक्त पहिली बघायची. आणि गेम विशलिस्टला टाकून ठेव, स्टीमचे मोठे सेल जूनअखेर आणि डिसेंबरअखेर असतात, भाव उतरला की मेल येतो. स्टीमवरून घेतलास तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंडही मिळतो, बाहेरून आणलेल्या कीवर स्टीम एक रुपया देत नाही.

प्रश्न: मी की घेऊन बसलोय, कोड टाकला तर हा गेम तुमच्या देशात चालणार नाही असं येतंय. व्हीपीएन लावून ॲक्टिव्हेट करू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: अजिबात नको. देश लपवून की चालवणं स्टीमच्या नियमांत बसत नाही, त्यात पूर्ण अकाउंटच बंद होऊ शकतं, बाकीचे सगळे गेम घेऊन. त्या मेसेजचा आणि ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढ, पानावर कुठल्या देशासाठी की आहे असं लिहिलं होतं ते बघ, भारत चालेल असं लिहिलं असेल तर आजच साइटवर तक्रार टाक, आणि की मिळाली आणि चालली का असं विचारणारं बटण तोपर्यंत दाबू नकोस.