कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्नऐवजी थ्रीडी प्रिंट केलेला पॅटर्न चालेल का?

चालेल. पॅटर्न म्हणजे ज्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात धातू ओततात तो नमुना. पंप हाउसिंगचे ग्रे आयर्नमधले (राखाडी ओतीव लोखंडाचे) आठ-दहा नग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ग्रीन सँडमध्ये (ओलसर, मातीमिश्रित वाळूच्या साच्यात) ओतून घ्यायचे आहेत, कॅड मॉडेल तयार आहे, तेच पीएलए या प्लास्टिकमध्ये प्रिंट करून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. प्रिंट जरूर करा, पण ‘तेच’ मॉडेल नको. या कामात बरेच नग वाया जातात ते पार्टचं मॉडेल जसंच्या तसं पॅटर्न म्हणून दिल्यामुळे.

आधी मशिनिंग अलाउन्स (मशिनवर कापलं जाणारं जादा मटेरियल), मग ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून उभ्या बाजूंना दिलेला उतार), शेवटी श्रिंकेज (धातू थंड होताना जेवढा आकसतो तेवढी वाढ). हा क्रम मोडू नका. ग्रे आयर्नसाठी श्रिंकेज साधारण १ टक्का धरतात. समजा फ्लँजपासून फ्लँजपर्यंत २०० मिमी आहे आणि दोन्ही तोंडं मशिन होणार आहेत. प्रत्येकी ३ मिमी धरले की २०६, त्यावर १.०१ ने गुणलं की २०८.०६ मिमी. बोअरचं, म्हणजे आतल्या गोल भोकाचं, उलट असतं: फिनिश ८० मिमी हवा तर मटेरियल आत ठेवायचं, म्हणजे ७४, आणि स्केल करून कोअरचा (पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) व्यास ७४.७४ मिमी. उभ्या भिंतींना १ ते २ अंश ड्राफ्ट, आतल्या कोपऱ्यांना किमान ३ मिमी फिलेट, म्हणजे गोलाई. प्रिंट करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा की श्रिंकेज फाइलमध्येच दिलंय. नाहीतर तोही वर १ टक्का चढवतो.

पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे वेगळे होतात ती रेषा, कुठे घ्यायची हे मोल्डरशी बोलल्याशिवाय ठरवू नका. पॅटर्न तिथेच दोन भागांत कापा आणि सपाट तोंड बेडवर ठेवून प्रिंट करा. पीएलएचे कोपरेही मोठ्या पार्टला थोडे उचलतात, म्हणून जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून ते तोंड घासून सपाट करा. दोन अर्धे जुळवायला डॉवेल पिन द्या. भोकात पितळी बुश बसवा, नुसत्या प्लास्टिकचं भोक लवकर सैल होतं.

प्रिंटची बाहेरची भिंत २ मिमी, म्हणजे ०.४ च्या नोझलने पाच फेरे. इनफिल (आतला जाळीदार भराव) ३० ते ४० टक्के. पातळ भिंत आणि १० टक्के इनफिल ठेवलं तर सँड ठोकताना पृष्ठभाग आत दबतो आणि कास्टिंगवर खळगा येतो.

आता लेयरच्या रेषा. इकडे लोक दुर्लक्ष करतात. पॅटर्न उचलण्याची दिशा आणि लेयर एकावर एक चढण्याची दिशा अशा मांडणीत एकच असते, त्यामुळे उभ्या भिंतीवरची प्रत्येक रेषा वाळूला बारीक खाच म्हणून अडकते. पॅटर्न वर काढला की कडेची वाळू सोबत येते. ड्राफ्ट दिला तरी ही अडचण जात नाही. ऑटो पुट्टी लावा, १२०, २४०, ४०० नंबरच्या पेपरने घासा, सर्फेसर मारा, वर पेंट. यात बराच वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो.

पॅटर्न उचलायला आत धातूचा नट बसवा, एम८ पुरेसा. मोल्डर त्यात स्क्रू घालून रॅपिंग करेल, म्हणजे हलकं ठोकून पॅटर्न वाळूत सैल करेल. पॅटर्नच्या अंगावरच ठोकलं तर लेयर सुटतात. शिवाय पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं; शेकआउटची (साचा फोडून कास्टिंग काढतानाची) गरम सँड लगेच परत वापरली किंवा पॅटर्न उन्हात राहिला तर तो वाकतो.

आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्सही याच पद्धतीने होतो. पॅटर्नवर कोअर प्रिंट (साच्यात कोअर टेकायला जागा करणारे उंचवटे) द्यायला विसरू नका, आणि कोअर व सीट, म्हणजे ती टेकायची जागा, यांत दर बाजूला ०.३ ते ०.५ मिमी जागा सोडा. कोअर बॉक्सची आतली बाजू पॅटर्नपेक्षाही गुळगुळीत हवी, कारण सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूने कडक केलेला) कोअर चिकटतो.

एक-दोनच नग हवे असतील आणि आतले मार्ग फार वाकडे असतील तर पॅटर्न सोडा, थेट सँड मोल्ड प्रिंट करून घ्या; त्याला ड्राफ्टही लागत नाही, पण महाग पडतो. उलट शेकड्यांनी नग लागणार असतील तर मशिन मोल्डिंगसाठी ॲल्युमिनियमचा पॅटर्न प्लेटवर बसवून घ्या.

पहिला एकच नग ओता आणि मोजा. कोअर आत असेल तिथे लोखंड मोकळेपणाने आकसत नाही, त्या दिशेला १ ऐवजी ०.७ ते ०.८ टक्केही मिळू शकतं. तसं दिसलं तर फक्त त्या अक्षाचं स्केल बदलून पॅटर्न पुन्हा प्रिंट करा, मगच उरलेले नग ओतायला सांगा.