चाळीसगावसाठी 1988 ची प्रीमियर पद्मिनी घ्यावी की 2005 ची मारुती 800?

रोजची गावातली ये-जा, गिरणेकाठच्या शेतावर फेऱ्या आणि महिन्यातून दोनदा कन्नड घाट चढून संभाजीनगर, एवढा तुमचा वापर. यासाठी एकच गाडी ठेवायची असेल तर 800 घ्या. पद्मिनी शौकाने ठेवायची गाडी आहे, आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री आता शोधावे लागतात.

इंजिन पद्मिनीचं 1089 सीसी, 800 चं 796. ताकद मात्र दोघींची चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच. फरक वजनाचा आहे: पद्मिनी जवळपास 900 किलो, 800 साधारण 650. त्यामुळे घाटात 800 हलकी पळते. चौघं बसून एसी लावलात तर मात्र तिचा दम निघतो, चढाला एसी बंदच ठेवा. उतरताना पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत पाय ठेवलात तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरवायची. 800 ला पुढे डिस्क आहेत.

शेताच्या वाटेवर गोष्ट वेगळी. पद्मिनीची ओढ मागच्या चाकांना. रिकामी असली की मागचा भाग हलका पडतो आणि ओल्या काळ्या मातीत चाकं जागेवरच फिरतात. डिकीत दोन पोती टाकली की पकड येते. 800 चं इंजिन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेलं असल्याने ती रिकामीही चिखलातून निघते. पण तिची चाकं 12 इंची, पद्मिनीची 14. खोल चाकोरीत 800 चं पोट घासतं. मागे भार भरून सुट्या खडीच्या चढावर गेलात तर तिची पुढची चाकं घसरतात. तिथे रेस न देता पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवायची.

आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक आणि इंजिनलाच जोडलेला. 44-45 अंशांत गाडी उभी करून पंधरा मिनिटांनी चालू करायला जावं तर पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढतच नाही. पंपावर ओलं फडकं टाकून थांबा, चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) ओढू नका, उलट इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. 800 चा पंप टाकीत असतो, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नाही. मात्र टाकी कायम तळाला ठेवून चालवली तर तोच पंप जळतो. तिचा रेडिएटरचा पंखा विजेचा आहे. घेण्याआधी गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या. तापमानाचा काटा वर चढतोय आणि पंखा सुरू होत नाही, तर थर्मो स्विच (तापल्यावर पंखा लावणारा), रिले किंवा मोटर गेलेली. तशीच दामटली की हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधली सील) उडते.

800 तपासताना मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ओढ देणारा सांधा) गेलाय. बहुतेक वेळा आधी त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते आणि मग जॉइंट खातो. नुसता बूट फाटला असेल तर लगेच बदलून जॉइंट वाचतो. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर चालवणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नसेल तर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसह नवा टाकाच, भाव कितीही ठरो.

पद्मिनीत गाडी हलवताना खालून 'टक्' आलं तर प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ओढ नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय. रेस दिली की मागून घुईं आणि सोडली की आवाज बदलतो, तर क्राऊन-पिनियन (मागच्या अॅक्सलमधले दाते) गेलेत, आणि हे काम महाग. स्टिअरिंगजवळच्या गिअर दांड्याला फार खेळ असेल तर लिंकेजचे बुश झिजलेत, ते स्वस्तात होतं. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला) ग्रीस नियमित लागतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप साधारण 0.45 मिमी ठेवा. सुट्या भागांना मुंबईच्या टॅक्सींचा आधार होता, त्या 2023 मध्ये संपल्या.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने दोन्हींचे जुने रबरी पाइप फुगतात, पद्मिनीच्या पंपाचा डायफ्रॅमही (आतला रबरी पडदा). पाइप इथेनॉल चालणारेच घ्या आणि पद्मिनी महिनाभर उभी राहणार असेल तर तिचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा करून ठेवा. सौदा करण्याआधी आरसीचं नूतनीकरण कधीपर्यंत आहे ते बघा: 15 वर्षांनंतर ते दर 5 वर्षांनी करावं लागतं आणि पर्यावरण कर वेगळा. मुदत संपलेली असेल तर तो खर्च विकणाऱ्याच्या भावातून वजा करा.