राजद्रोह, देशद्रोह आणि आपला फितूर

प्रश्न असा आलाय की राजद्रोह आणि देशद्रोह एकच का, इंग्रजीतल्या ट्रीझनला यातला कुठला शब्द घ्यायचा, आणि देशद्रोहाचं कलम नेमकं कधी लागतं.

एकच नाहीत! 'देशद्रोहाचा गुन्हा दाखल' ही पट्टी टीव्हीवर बघून बघून डोकं उठलंय. अहो ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 124अ होतं, राजद्रोहाचं, म्हणजे सेडिशनचं, बोलून लिहून किंवा खुणांनी सरकारबद्दल द्वेष, तुच्छता, अप्रीती पसरवण्याचं. 'देशद्रोह' नावाचा गुन्हा दंड संहितेत कधीच नव्हता. ट्रीझनच्या जवळ जाणारं कलम म्हणजे 121, भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, आणि 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा नंबर 147 झालाय. 124अ सुप्रीम कोर्टाने मे 2022 मधेच थांबवून ठेवलं होतं, नव्या संहितेत त्याच्या जागी 152 आलं, सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारं कृत्य. राजद्रोह गेला आणि देशद्रोह आला असं संसदेत सांगितलं गेलं खरं, पण 152 च्या मजकुरात तो शब्द कुठे आहे ते दाखवा!

आणि लागतं कधी, तर नुसत्या शिव्या घातल्या म्हणून नाही. 1962 च्या केदारनाथ सिंग निकालात कोर्टाने राजद्रोहाला सरळ कुंपण घातलं, हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू वा रोख असला तरच. 31 ऑक्टोबर 1984 ला, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंदीगडच्या नीलम थिएटरसमोर खलिस्तानच्या घोषणा दिलेली माणसंसुद्धा 1995 मधे सुप्रीम कोर्टातून सुटली कारण घोषणा ऐकून कोणी हललंही नव्हतं. युद्ध पुकारण्याचं कलम तर त्याहून कितीतरी जड, तिथे सत्तेलाच आव्हान देण्याचा हेतू लागतो, साधी दंगल पुरत नाही.

आता द्रोह शब्दाकडे बघा. मित्रद्रोह, गुरुद्रोह, पितृद्रोह. सगळीकडे आधी नातं आहे, विश्वास आहे, मग घात. परक्याने केला तो हल्ला, द्रोह नव्हे. इंग्लंडचा ट्रीझनचा कायदा (1351 चा, अजून जिवंत आहे) याच पायावर उभा आहे, आरोपी राजाशी निष्ठेने बांधलेला हवा. जर्मनीतून नाझींसाठी रेडिओवर बोलणारा विल्यम जॉइस जन्माने अमेरिकन, तरी 1946 मधे ब्रिटिशांनी त्याला फाशी दिलं ते त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता या एका धाग्यावर. आपलं 121 मात्र 'जो कोणी' असं सुरू होतं. म्हणून कसाब पाकिस्तानी असूनही त्यात दोषी ठरला. त्याला 'देशद्रोही' म्हणणं भाषेच्या दृष्टीने साफ चूक, तो शत्रू होता, देशद्रोही व्हायला आधी या देशाचा असावा लागतो.

पण मला खरं बोलायचंय ते फितूर या शब्दाबद्दल. आपल्याकडे फितुरी, फितवा, फितवेखोर हे शब्द बखरींपासून आहेत आणि ट्रीझनचा नेमका अर्थ त्यांच्यातच आहे, आपलाच माणूस आतून शत्रूला मिळणं. आता हा आला कुठून? अरबीत फुतूर म्हणजे ढिलाई, जोर ओसरणं. हिंदीत तो 'दिमाग का फितूर' होऊन डोक्यातला बिघाड झाला, निष्ठा ढिली पडलेल्या माणसाला तो लावला मराठीने! शत्रूकडे जायच्या कितीतरी आधी गाठ सैल झालेली असते, ते या शब्दाने पकडलंय. काही जण त्याला फितना म्हणजे बंडाळी या शब्दाशी जोडतात, ते मला अजिबात पटत नाही. फितनाचा धातू फ-त-न, फुतूरचा फ-त-र, शेवटचा र काय हवेतून आला? आणि फितवा हा फतव्याचा अपभ्रंश म्हणणाऱ्यांनी तर दोन्ही शब्द एकदा वाक्यात वापरून बघावेत, फतवा म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय, त्याचा फोडाफोडीशी संबंध काय?

याच ढिलाईवर टिळकांचा 1897 चा राजद्रोहाचा खटला फिरलाय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की कलमातलं डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. म्हणजे प्रेम नसलं की झाला गुन्हा! सहा युरोपियन ज्युरर विरुद्ध तीन हिंदी, 18 महिने सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलमधे, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टात, टिळकांच्या बाजूने अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले तेच, तरी अपील फेटाळलं. 1898 मधे कलमात स्पष्टीकरण घातलं की यात बेइमानी आणि वैराच्या सगळ्या भावना येतात. तरी कलमाच्या हिंदी पाठात शब्द राहिला 'अप्रीति', तंतोतंत स्ट्रॅचीचाच अर्थ, स्वतंत्र भारताच्या कायद्यात! व्युत्पत्ती सांगावी, आवडीने सांगावी, पण शब्दाचे तुकडे पाडून त्यावर माणूस तुरुंगात धाडू नये. डिसअफेक्शन इंग्रजीत तेव्हाही सत्तेशी बेइमानी याच अर्थाने वापरात होता.

तर ट्रीझनला मी फितुरी म्हणेन. सेडिशनला राजद्रोह आहेच, तो कायद्यात रुळलेला आहे, 'आता राजा कुठे आहे' म्हणून तो मोडीत काढायची गरज नाही, राज् धातूत राज्य चालवणं आहे, मुकुट नाही. यावर आक्षेप येईल की कोर्टात उलटलेल्या साक्षीदाराला पेपरवाले 'साक्षीदार फितूर' म्हणतात, मग घोटाळा होईल. होणार नाही. तोही आपल्याच बाजूने बोलावलेला असतो आणि ऐनवेळी ढिला पडतो.