छपराचे 68,000 कुणी घालायचे?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बेळगावच्या शहापुरातलं जुनं कौलारू घर, भाडं 7,500, डिपॉझिट 50,000. दोन पावसाळे झाले, स्वयंपाकघरावरचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, गळतंय, दोन वासे कुजलेत. मधल्या खोलीची मातीची भिंत खालून ओल धरते आणि मीटरचा बोर्ड नेमका त्याच भिंतीवर. मालक काकांनी "बघूया की" म्हणत दोन वर्षं घालवली. आता म्हणतात, तुम्हीच करून घ्या, मी दरमहा 1,500 भाड्यातून वळते करतो. मेस्त्रीनं 68,000 चा अंदाज दिलाय. तुमची एकुलती एक एफडी 1,10,000 ची. ती मोडावी, की अनगोळात 10,500 भाड्याच्या फ्लॅटमध्ये जावं, असं तुम्ही विचारलंय. भावजींनी तिसराच सल्ला दिलाय, भाडंच थांबवा.

भाडं थांबवू नका. आज चूक मालकांची आहे. भाडं थकवलंत की ती तुमची होईल, आणि पुढं कुणीही छपराबद्दल न बोलता थकबाकीबद्दल बोलेल. भाडं वेळेवर आणि बँकेतूनच द्या.

आता मालकांचा हिशेब बघू. महिन्याला 1,500 प्रमाणे 68,000 फिटायला 45 हून जास्त महिने लागतात, म्हणजे जवळपास पावणेचार वर्षं. तुमचा करार 11 महिन्यांचा, तो नोव्हेंबरअखेर संपतो. एप्रिलपासून वळते धरले तरी तोवर 12,000 फिटतील आणि 56,000 मालकांच्या शब्दावर राहतील. त्यात आधीचं 50,000 डिपॉझिट मिळवा. एका माणसाकडे तुमचे लाखावर रुपये, आणि कागद फक्त पन्नास हजारांचा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आम्ही वडगावात भाड्यानं राहत होतो. पावसात आई रात्री उठून पातेली, कळशी, शेवटी परातही थेंबांखाली सरकवायची. 1994 मध्ये बाबांनी मालकांच्या शब्दावर 4,200 रुपये घालून छप्पर करून घेतलं आणि डायरीत पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला. दिवाळीआधी मालक वारले. त्यांचा मुलगा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "कागद आहे काय?" बाबांनी डायरी पुढं केली, त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. त्या 4,200 मधला एक रुपया परत आला नाही. म्हणून कागदाबद्दल मी हट्टी आहे, ताई.

फ्लॅटचंही गणित मांडतो. महिन्याला 3,000 जास्त, वर्षाचे 36,000. एजंटाचं एक महिन्याचं भाडं 10,500, टेम्पो आणि हमाली धरून 6,000. पहिल्या वर्षी 52,500 नक्की जाणार. शिवाय तिथं डिपॉझिट एक लाख मागतात, ते बुडत नाही पण अडकतं, आणि एफडी जवळजवळ संपते. आकडे शेजारी ठेवलेत तर इथं 56,000 अडकण्याची भीती, तिथं 52,500 हमखास खर्च. दोन्ही मला पसंत नाहीत.

मला सुचतं ते असं. 68,000 चं काम एकदम काढू नका. मेस्त्रीकडून तीन वेगळे आकडे घ्या. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवरून पाखं, वासे, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) आणि कौलं परतणं 41,000, वायरिंग नव्यानं करून बोर्ड कोरड्या भिंतीवर नेणं 12,000, आणि भिंतीचा गिलावा 15,000. गिलावा आत्ता करूच नका. मातीच्या भिंतीला वरून सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते आणि वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सुटतात. आधी वरून येणारं पाणी थांबू दे, भिंत वाळू दे, दिवाळीनंतर बघता येईल. तळातून चढणारी ओल राहिलीच तर तो मालकांचा आणि जाणत्या गवंड्याचा विषय आहे, तुमच्या एफडीचा नाही.

राहिले 53,000. आता मालकांना 1,500 ची भाषा सोडायला सांगा. वळतं करायचं तर पूर्ण भाडं. 7,500 गुणिले सात महिने म्हणजे 52,500. एप्रिल ते ऑक्टोबर भाडं नाही, उरलेले 500 नोव्हेंबरच्या भाड्यातून, मग पूर्ववत. सगळं करार संपायच्या आत फिटतं. हाच माझा नियम: करारात जेवढे महिने उरलेत, त्यांच्या भाड्याहून जास्त पैसा परक्याच्या छपरावर घालायचा नाही.

एफडी मात्र मोडू नका. घरखर्च महिना 22,000, म्हणजे ती पाच महिन्यांचा आधार आहे. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, ऑर्डरी कमी झाल्या की तिथं काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. त्याच एफडीवर बँकेकडून 53,000 ची उचल घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतं. वाचलेलं 7,500 भाडं दर महिन्याला उचलीत भरत गेलात, तर आठ टक्क्यांनी धरून सगळं व्याज दीड हजाराच्या आत बसतं. तेवढं व्याज मालकांनी द्यावं, असंही कागदात घाला. मागण्यात लाजायचं काही नाही.

कायदा इथं तुमच्या बाजूनं थोडा आहे, पूर्ण नाही. कर्नाटक भाडे कायदा 1999 चा, पण त्याची भाड्याची मर्यादा जागेप्रमाणे 3,500 किंवा 2,000 रुपये, त्यामुळे तुमच्या 7,500 ला त्याचा आधार नाही. उरतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882. त्याच्या कलम 108 मध्ये म्हटलंय की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे, ती त्यानं कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. अडतं ते "बांधील आहे" या दोन शब्दांशी. ते करारातून ठरतं. करार गप्प असेल तर हा कायदा मालकावर सगळी दुरुस्ती आपोआप टाकत नाही.

आणि तुम्ही लिहिलंय की करार कन्नडमध्ये आहे, न वाचता सही केली. आपल्याकडे घरोघरी हेच. या आठवड्यात कन्नड वाचता येणाऱ्या ओळखीच्या माणसाला घरी बोलवा, चहा करा आणि एकेक ओळ वाचून घ्या. कन्नडमध्येही शब्द "दुरस्ती" असाच आहे, तो कानावर पडला की थांबवा आणि ते वाक्य मराठीत लिहून घ्या.

मग फोटो, मेस्त्रीची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांची मुदत घालून मालकांना पत्र द्या. स्पीड पोस्टनं पाठवा, पोहोच जपून ठेवा. पण पत्राआधी एकदा समोर बसून बोला. काका निवृत्त शिक्षक आहेत, वाईट माणूस वाटत नाहीत, हात आखडता आहे एवढंच. "भाड्यातून मला काय उरतं" म्हणाले तर नम्रपणे सांगा की आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीवर खर्च करोत न करोत. वर्षाच्या 90,000 वर ती 27,000 च्या आसपास जाते. ते आयकर भरत असतील तर हा मुद्दा त्यांना लगेच कळेल.

काका तयार झाले तर स्टॅम्प पेपरवर पुरवणी करार करा. कामाची यादी, 53,000 चा आकडा, कोणते सात महिने भाडं नाही, आणि मालकांच्या वारसांवरही हे बंधनकारक राहील अशी ओळ. सही काकांची आणि शक्यतो त्यांच्या मुलाचीही. कारण वर सांगितलंच.

नाहीच म्हणाले तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, 15100 वर फोनही करता येतो. तिथल्या पत्रानं बरीच मंडळी बोलायला बसतात. एप्रिल निम्मा होईपर्यंत काही हललं नाही, तर मी अनगोळचा फ्लॅट घ्या म्हणेन, 52,500 गेले तरी. वळीव कधीही येतो, मे महिन्यात सुतार आणि कौलं परतणारे कुणालाच सापडत नाहीत, आणि 7-8 जूनला मृग. तिसरा पावसाळा त्या वाशांखाली काढायचा नाही.

एक गोष्ट पैशाची नाही. 2021 च्या ऑक्टोबरात आपल्याच तालुक्यात, बडाल अंकलगीला, पावसानं भिजलेलं घर कोसळून सात जण गेले. तुम्ही ओझरतं लिहिलंय की धाकटा त्या ओल्या भिंतीला लागून झोपतो. काकांशी बोलणं आठवड्यानं झालं तरी चालेल, त्याचं अंथरूण आज रात्रीच पुढच्या खोलीत घाला.