फ्रीमाँटहून ड्रॅगन कॅप्सूलच्या परतीचा फोटो कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघं मित्र कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहता, पुढची ड्रॅगन कॅप्सूल (अवकाशातून माणसं आणि सामान परत आणणारं स्पेसएक्स कंपनीचं यान) रात्री वातावरणात शिरेल तेव्हा तिचा फोटो काढायचाय, हाताशी एक डीएसएलआर, एक फोन आणि एक टेलिस्कोप आहे. तयारी काय करावी?

जमेल. पण कॅमेऱ्याच्या सेटिंगमागे लागण्याआधी वेळ आणि जागा नक्की करा.

२०२५ पासून स्पेसएक्स ड्रॅगन फ्लोरिडाऐवजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उतरवतं. पूर्वी कॅप्सूलमागचा ट्रंक, म्हणजे तिला जोडलेला पोकळ मागचा भाग, परतीच्या ज्वलनाआधीच (खाली येण्यासाठी वेग कमी करायला इंजिनं पेटवतात त्याआधीच) सोडून द्यायचे. तो पुढे कधीतरी, कुठेतरी पडायचा. ऑस्ट्रेलियात मेंढपाळांच्या कुरणात त्याचे तुकडे सापडले. आता तो ज्वलनानंतर सोडतात म्हणजे प्रशांत महासागरात पडतो. आपल्यासारख्यांचा त्यात आयताच फायदा झाला. शुभांशु शुक्ला ज्या ॲक्सिअम-४ मोहिमेत होते तिची कॅप्सूल १५ जुलै २०२५ ला सॅन डिएगोजवळ उतरली, इथल्या पहाटेच्या २:३१ ला. भारतात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले, सगळे टीव्हीपुढे.

वेळेचं म्हणाल तर समुद्रावर वारा असेल तर अख्खा कार्यक्रम पुढे ढकलतात. एक प्रदक्षिणा जरी उशीर झाला तरी तेवढ्यात पृथ्वी खालून सरकलेली असते आणि मार्ग आपल्या अक्षांशावर सुमारे २,००० किलोमीटर पश्चिमेला जातो. म्हणजे ‘दीड तास थांबू, मग दिसेल’ असा हिशोब इथे चालत नाही. खरी खूण म्हणजे परतीचं ज्वलन, ज्याला ते डीऑर्बिट बर्न म्हणतात. ते स्प्लॅशडाउनच्या, म्हणजे समुद्रात उतरण्याच्या, साधारण पाऊण ते एक तास आधी होतं. ते पार पडलं की वेळ पक्की. तेजस्वी रेघ दिसते ती स्प्लॅशडाउनच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तुमच्या आकाशातून जायला तिला मिनिटभर पुरतं.

आता जागा. लोकांना वाटतं बरोबर मार्गाखाली उभं राहावं. बघायला ठीक आहे, पण फोटोला वाईट: रेघ डोक्यावरून जाते आणि फ्रेममध्ये जमीन, झाड, डोंगर काहीच येत नाही. कॅप्सूल झळकते तेव्हा ती साधारण ६० किलोमीटर उंचीवर असते असं धरा. मार्गापासून १०० किलोमीटर बाजूला असाल तर ती क्षितिजावर ३० अंशांवरून जाईल, ३०० किलोमीटरवर असाल तर जेमतेम १० अंशांवरून, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी उंच. मला पहिला पर्याय आवडतो. त्या मोहिमेचा मार्ग जाहीर झाला की नकाशावर काढा आणि दिशा ठरवा. दरवेळी तोच मार्ग असेल हे गृहीत धरू नका.

उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठी थांबूच नका. समुद्रावरून येणारं धुकं मध्यरात्रीनंतर सगळं झाकतं. त्याच्या वर चढायचं. सॅन हुआन बॉटिस्टाजवळचं फ्रीमाँट पीक साडेनऊशे मीटरच्या आसपास आहे, वर हौशी लोकांची वेधशाळाही आहे. (नाव जुळतं म्हणून नाही सुचवत!) रात्री थांबण्याचे नियम आधी विचारून घ्या.

कॅमेरा. १४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, दणकट ट्रायपॉड, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पासून. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून हातानं लावा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, लांबवून रेघ उजळ होत नाही. कॅप्सूल सेकंदाला दोन-तीन अंश पळत असते, सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवरून ती क्षणात पुढे जाते. रेघेचा उजेड ठरतो तो छिद्रावर आणि आयएसओवर. एक्स्पोजरनं फक्त आकाश पांढरं होतं. म्हणून दहा-पंधरा सेकंदांच्या फ्रेम सलग घेत राहा, नंतर जोडता येतात. आणि ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा होतो, आणि कॅप्सूल नेमकी तेव्हाच जाते.

कॅप्सूल गेल्यावर शटर थांबवू नका. मागे फिकट झळाळणारा पट्टा काही काळ राहतो, आणि माझ्या मते तोच फोटोतला सर्वात देखणा भाग.

वेगाचं म्हणाल तर ड्रॅगन सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या खेळातली सावकाश मंडळी. १५ जानेवारी २००६ ला धूमकेतूची धूळ घेऊन आलेली नासाच्या स्टारडस्ट यानाची कॅप्सूल सेकंदाला १२.९ किलोमीटर वेगानं कॅलिफोर्निया-नेवाडावरून युटाच्या वाळवंटात उतरली. तिचं उष्णतारोधक कवच ज्या पिका पदार्थाचं होतं तो तुमच्या खाडीपलीकडच्या नासाच्या एम्स केंद्रात तयार झाला; ड्रॅगनचं कवच त्याचीच पुढची आवृत्ती. स्टारडस्टच्या वेळी शास्त्रज्ञांनी विमानातून वर्णपट घेतले, तर कवचावरच्या पांढऱ्या रंगातलं जस्तसुद्धा त्यात दिसलं. लेन्सपुढे साधी डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) लावून हौशी माणसालाही वर्णपट मिळू शकतो, पण पहिल्याच खेपेला हा उद्योग नको. आणि मुहूर्त रात्रीचाच हवा: लघुग्रहाची माती आणणाऱ्या नासाच्या ओसायरिस-रेक्सची कॅप्सूल २४ सप्टेंबर २०२३ ला आली ती सकाळी, लख्ख उजेडात, फोटोवाल्यांच्या हाती काय लागणार!

महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी दिसलेल्या जळत्या रेघा आठवत असतील. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली होती. ते चिनी रॉकेटचं अनियंत्रित पडणं होतं. ज्यांनी व्हिडिओ काढले त्यांचा फोन योगायोगानं हातात होता. तुम्हाला नेमकं कोणत्या मिनिटाला ते आधीच माहीत असणार आहे, ही केवढी मोठी सोय!

फोन आडवा धरून दुसऱ्या ट्रायपॉडवर लावा, एक्स्पोजर लॉक करून व्हिडिओ सुरू ठेवा.

टेलिस्कोप मात्र घरी ठेवा. त्याच्या इवल्याशा दृश्यक्षेत्रातून कॅप्सूल डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जाईल. ज्याचा टेलिस्कोप आहे त्या मित्राला दोन डोळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) द्या आणि वेळेचं काम सोपवा: ज्वलन झालं का ते पाहायचं आणि ठरल्या वेळेआधी दोन मिनिटं ओरडायचं. पण घड्याळ बघून, थेट प्रक्षेपण बघून नाही; ते बरेचदा अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं.