शांत वेळ आणि मंडळीतील प्रार्थना

प्रश्न : आमचे घर एका खोलीचे असल्यामुळे सकाळच्या मननासाठी एकांत मिळत नाही. शिवाय प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करताना शब्द सुचत नाहीत. केवळ सभेला हजर राहिले तर पुरेसे होईल का? – एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, सभा सोडू नका, परंतु तिला एकांताची जागा देऊ नका. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आपण वाचतो की, आदल्या संध्याकाळी कफर्णहूमचे सगळे नगर दाराशी लोटलेले असतानाही प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच उठून निर्जन स्थळी प्रार्थनेसाठी गेला आणि शिष्य शोधत आले तेव्हा पुन्हा गालीलातील लोकांकडे वळला. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर, असे प्रभू मत्तय ६:६ मध्ये सांगतो; पण ती बंद दाराची खोली म्हणजे केवळ चार भिंती, असे मला वाटत नाही. घरचे जागे होण्यापूर्वीची दहा मिनिटे, किंवा दुपारी रिकाम्या चर्चमधील बाकही तुम्हांला पुरेल. सुरुवातीला बायबलमधील स्तोत्र १३१ घ्या. त्यात तीनच वचने आहेत. आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत झालेला जीव तेथे दिसतो. ते हळू वाचा, मग काही वेळ काहीही न मागता बसा. ही स्तब्धता मला फार मोलाची वाटते.

शब्दांची चिंता करू नका. आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो (८:२६). सभेत इतरांच्या प्रार्थनेला मनापासून ‘आमेन’ म्हणणे हाही सहभागच आहे.