सूर्यडागांच्या नोंदी सुरू करताना

आपण सूर्यडागांच्या नोंदी ठेवू इच्छिता, याचा मनापासून आनंद झाला. सर्वप्रथम, सौर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच घट्ट बसवावी. नेत्रिकेवरची (डोळा लावतो त्या भिंगावरची) छोटी गाळणी उष्णतेने तडकून डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून ती वापरूच नये.

डागांजवळ कधी सौरज्वाला, म्हणजे प्रकाशाचा प्रचंड स्फोट, उसळते. प्रत्येक मोठ्या ज्वालेनंतर भूचुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीची, अपेक्षा धरणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. ज्वालेचा प्रकाश सुमारे ८ मिनिटांत पोहोचतो. वादळ घडवणारा प्रभारित द्रव्याचा लोट मात्र बहुधा १ ते ३ दिवस घेतो, तो पृथ्वीकडे निघालेला असावा लागतो आणि त्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तरच वादळ जोर धरते. मे २०२४ मध्ये हे सारे जुळले आणि लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाशामुळे आकाश लाल दिसले.

तूर्त रोज ठरल्या वेळी डागांचे रेखाटन करावे. डागांच्या मोजणीची आकडेमोड नंतर पाहू.